शाळा, संग्रहालय आणि गावाची स्मृती



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले नाही. परंतु त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोन शिक्षकांबरोबर मी बरीच वर्षे नोकरी केली, आणि खडू कसा धरावा येथपासून दाखल्यावर सही करण्यापूर्वी मूळ नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी येथपर्यंतच्या अनेक गोष्टी मी त्या दोघांकडून शिकलो. त्या अर्थाने मी गुरुवर्यांचा नातू-विद्यार्थी आहे. आपण मला येथे बोलाविलेत ह्याबद्दल मी ऋणी आहे.

आजचा विषय मी शोधला नाही. तो माझ्याकडे चालत आला. पेडणे तालुक्यातील एका वाड्यावरची सरकारी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद झाली आणि उरलेली मुले शेजारच्या गावच्या शाळेत गेली. मागे राहिली ती चिऱ्यांच्या भिंतींची, मंगळुरी कौलांची दोन खोल्यांची इमारत, पुढची पडवी आणि अंगणातला झेंड्याचा खांब. मोपाच्या विमानतळाचे डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झाल्यापासून त्या बाजूच्या जमिनीचे मोल माणसांच्या हिशेबापलीकडे गेले आहे. त्यामुळे रिकामी इमारत फार दिवस रिकामी राहणार नाही, ही धास्ती गावाला होती. कोणी अंगणवाडी म्हणाले, कोणी पंचायतीचे गोदाम म्हणाले. तरुण मंडळींनी मात्र तेथे गावाचे संग्रहालय करावे असा आग्रह धरला आणि मी इतिहासाचा शिक्षक म्हणून कामाची यादी करण्यास मला बोलाविले.

मी यादी केली. वीरगळ, सतीशिळा, नांगर, गुत्ता, तांब्यापितळेची भांडी, समया, शिगम्याचे ढोल, दशावताराचे मुखवटे आणि मुकुट, रांपणीचे जाळे. यादी वाचून झाल्यावर पडवीच्या कठड्यावर बसलेले एक गृहस्थ, कदंब महामंडळातून निवृत्त झालेले बसचालक आणि त्याच शाळेचे विद्यार्थी, शांतपणे म्हणाले, "सर, सगळे छान आहे. पण ह्यात शाळा कुठे आहे?"

मला उत्तर देता आले नाही. नांगर आणि समया कोणत्याही घरात ठेवता आल्या असत्या. त्यासाठी शाळेची इमारत कशाला हवी? गोव्यात संग्रहालये नाहीत असेही नाही. जुन्या गोव्याच्या सेंट फ्रान्सिस मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय १९६४ पासून आहे. बाणावलीचे ‘गोवा चित्र’ शेतीच्या आणि गृहोपयोगी अवजारांसाठी प्रसिद्ध आहे. पेडण्याच्या देशप्रभूंच्या वाड्यातील संग्रह आपल्या तालुक्याला परिचित आहे. नाही ते एवढेच, की ज्या खोलीत कुळाचा, मुंडकाराचा, रेंदेराचा मुलगा प्रथम पाटीवर अक्षर काढायला बसला, त्या खोलीचे संग्रहालय. त्या खोलीचे महत्त्व समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

पेडणे आणि डिचोली ही पोर्तुगिजांची ‘नवी काबिजाद’. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच त्यांच्या ताब्यात गेले होते. डिचोली, सत्तरी आणि पेडणे मात्र १७८१ ते १७८८ ह्या काळात सावंतवाडीकरांकडून त्यांच्याकडे आले. ह्या अडीच शतकांच्या अंतराचा शिक्षणावर फार खोल परिणाम झाला. जुन्या काबिजादीत १६८४ च्या फर्मानाने तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम निघाला होता. नव्या काबिजादीत येईपर्यंत सत्तेची ती धग ओसरली होती. इथल्या लोकांचे देवधर्म आणि रीतीरिवाज पाळण्याचे अभिवचन देणे राज्यकर्त्यांना भाग पडले. नव्या काबिजादीतील रहिवाशांच्या चालीरीतींचा कायदा एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापण्यात आला, ह्यावरून गावगाड्यात मराठीचे स्थान काय होते ते दिसते. देवस्थानांचे हिशेब, गावकारीचे ठराव, खरेदीखते मोडीतून लिहिली जात.

परंतु मराठी लिहिणारे हात मोजके होते, आणि ते ठरावीक घरांतले होते. शाळा भरे ती देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या भाटकाराच्या ओसरीवर. पंतोजी बहुधा घाटमाथ्यावरचा अथवा सावंतवाडीकडचा असे. त्याला वर्षाचे भात, नारळ आणि सणासुदीचा शिधा मिळे. मूल धुळाक्षरांपासून सुरुवात करी, मोडी, पावकी-निमकी, बाराखडी शिके आणि हिशेब ठेवता येऊ लागला की बाहेर पडे. ओसरीवर कोणी बसावे आणि अंगणात कोणी थांबावे हे कोणालाही सांगावे लागत नसे. सरकारी शाळा पोर्तुगीज भाषेची. तिच्यातील ‘प्रिमैरु ग्राव’ आणि ‘सेगुंद ग्राव’ म्हणजे प्राथमिक शिक्षणाचे दोन टप्पे. ज्याला सरकारदरबारी कारकुनी हवी त्याला ते ओलांडावेच लागत. त्यापुढचे लिसेव पणजीला, १८५४ साली सुरू झालेले; डिचोलीच्या शेतकऱ्याला ते लिस्बनइतकेच लांब होते. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना थोडा मोकळा श्वास मिळाला आणि खाजगी मराठी शाळांची एक लाट गोव्यात उठली. पुढे सालाझारच्या राजवटीत त्याच शाळांवर पोलिसांची नजर राहिली. सभा घ्यायला परवानगी, पुस्तक छापायला परवानगी, लग्नपत्रिकेवरसुद्धा सेन्सॉरचा शिक्का, अशा काळात मराठी शिक्षक हा संशयित माणूस होता. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि कर्नैलसिंग बेनिपाल हुतात्मा झाले ते पत्रादेवी आमच्याच पेडणे तालुक्यातले. शिकायची उमेद असलेली मुले सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूर, मुंबई गाठत. मॅट्रिकची परीक्षा मुंबईची देत.

१९ डिसेंबर १९६१ नंतर हे चित्र किती वेगाने बदलले ह्याची कल्पना आजच्या पिढीला देणे कठीण आहे. डिसेंबर १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आले. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात आणि १९६७ च्या जनमत कौलात ते ज्या बाजूला होते तिचा पराभव झाला हेही खरे. परंतु वाड्यावाड्यावर प्राथमिक शाळा गेली ती त्या दशकात, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले आहे. सुरुवातीला इमारती नव्हत्याच. देऊळ, भाड्याचे घर, कोणाची गोठ्यालगतची पडवी, जागा मिळेल तेथे शाळा भरली. मग गावाने जागा दिली, चिरे काढले, श्रमदान केले, आणि सरकारने छप्पर घातले. शिक्षक पुरेसे नव्हते, म्हणून त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून तरुण गुरुजी आले. त्यांतले कित्येक आले ते इथलेच होऊन राहिले. पेडणे, डिचोली, सत्तरीत ह्या शाळा बहुतांशी मराठी माध्यमाच्या होत्या.

आता त्याच शाळा बंद पडत आहेत. कारणे अनेक आहेत आणि कोणतेही एक कारण पुढे करणारा मनुष्य बहुधा भाषणासाठी उभा असतो. घरात मुले कमी झाली. रस्ते आणि बसगाड्या झाल्या. डिचोलीत खाणींनी आणि पेडण्याच्या किनाऱ्यावर पर्यटनाने लोकांच्या हाती पैसा आणला, आणि पैसा आला की पहिली इच्छा इंग्रजी शाळेची होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा पैसा गेला पण ती इच्छा गेली नाही. प्राथमिक शाळांना अनुदान कोणत्या माध्यमासाठी द्यावे ह्यावर १९९० मध्ये एक धोरण ठरले आणि २०११ पासून त्यावर जे रणकंदन झाले ते आपणां सर्वांच्या स्मरणात आहे. मराठी-कोंकणीचा वाद तर १९८७ च्या राजभाषा कायद्याच्याही आधीचा. ह्या वादांत मी आज शिरणार नाही. एवढेच म्हणेन की उद्या एखाद्या बंद शाळेत संग्रहालय झाले आणि तेथे ती बंद का पडली हे कोठेच लिहिलेले नसले, तर ते संग्रहालय अप्रामाणिक ठरेल. मग लिहिताना गावात भांडण झाले तरी चालेल.

शाळेच्या जुन्या वास्तूचे काय होते ह्याचे नमुने गोव्यात आहेत, आणि ते फारसे आश्वासक नाहीत. जुन्या गोव्यातून फोंड्याकडे जाताना एक उंच कमान एकटी उभी दिसते. ती सोळाव्या शतकातील सेंट पॉल महाविद्यालयाची. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये त्याच संस्थेत सुरू झाला. इमारत ओस पडली, एकोणिसाव्या शतकात ती पाडण्यात आली, आणि राहिली ती कमान. पणजीत १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेचे तसे झाले नाही. महाविद्यालय बांबोळीस गेल्यावर जुन्या वास्तूला २००४ पासून चित्रपट महोत्सवाच्या निमित्ताने नवे आयुष्य मिळाले, पुढे तेथे कलाप्रदर्शनेही भरू लागली. वास्तू वाचली ह्याचा आनंदच आहे. तथापि तेथे प्रदर्शन पाहावयास येणाऱ्या किती जणांना ठाऊक असते, की ह्याच खोल्यांत शिकलेले गोमंतकीय डॉक्टर आफ्रिकेतील पोर्तुगीज वसाहतींत रुग्णांना तपासायला गेले? पहिल्या ठिकाणी इमारत गेली. दुसऱ्या ठिकाणी इमारत राहिली, पण तिची आठवण मागे पडली.

गोव्याबाहेर पाहिले तर पुण्याच्या भिडेवाड्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली ज्या घरात मुलींची शाळा काढली ते बुधवार पेठेतील घर. तेथे राष्ट्रीय स्मारक व्हावे ही मागणी फार जुनी. महापालिकेचा ठराव २००६ चा. तळमजल्यावर दुकाने, वर पडझड आणि न्यायालयात दावे अशा स्थितीत वर्षे गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागला आणि पुढच्याच महिन्यात ती मोडकळीस आलेली वास्तू उतरविण्यात आली. आता तेथे स्मारक होईल, भव्यही होईल. परंतु ज्या भिंतींनी त्या मुलींचा आवाज ऐकला त्या भिंती त्यात नसतील. पंधरा-सतरा वर्षांचा विलंब एखाद्या इमारतीला काय करतो, हे चिऱ्यामातीच्या घरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना सांगायला नको.

राजकोटला वास्तू राहिली. महात्मा गांधी ज्या शाळेत शिकले आणि १८८७ साली जेथून मॅट्रिक झाले ते आल्फ्रेड हायस्कूल २०१७ मध्ये बंद करण्यात आले आणि ३० सप्टेंबर २०१८ रोजी तेथे गांधी संग्रहालय उघडले. गांधीजींच्या आत्मचरित्रातील एक प्रसंग ह्याच राजकोटच्या शिक्षणातला आहे. जाइल्स नावाचे निरीक्षक शाळा तपासायला आले, त्यांनी पाच इंग्रजी शब्द लिहायला सांगितले. मोहनदासने ‘केटल’ हा शब्द चुकीचा लिहिला. शिक्षक बुटाच्या टोकाने खुणावत होते की शेजारच्या मुलाच्या पाटीवर पाहा. पण शिक्षक असे सांगतील हे त्या मुलाच्या मनातच येईना. शिक्षक म्हणून मला ह्या प्रसंगात गांधीजींपेक्षा ते मास्तर अधिक दिसतात, निरीक्षकापुढे घाबरलेले, शाळेची अब्रू पाच शब्दांवर टांगलेली आहे असे वाटणारे. अशा मास्तरांना, आणि ज्याच्या पाटीवर पाहायचे होते त्या शेजारच्या मुलाला, थोर विद्यार्थ्याच्या संग्रहालयात जागा मिळणे अवघड असते. आमच्या वाड्यावरच्या शाळेतून कोणी महात्मा निघाला नाही. म्हणूनच तिथे सर्वांना जागा देता येईल, असे मला वाटू लागले.

ह्या बाबतीत मला सर्वांत जवळचे वाटले ते जपानातील क्योतो शहर. १८६९ मध्ये तेथील पेठापेठांतील रहिवाशांनी स्वतःच्या वर्गणीतून चौसष्ट प्राथमिक शाळा उभारल्या. जपान सरकारचा शिक्षणविषयक कायदा आला तो १८७२ मध्ये, म्हणजे लोक तीन वर्षे आधी होते. शंभरेक वर्षांनी शहराच्या मध्यवस्तीतील मुले कमी झाली आणि ह्या शाळा एकामागून एक बंद पडू लागल्या. त्यांतील एका शाळेत १९९८ मध्ये शालेय इतिहासाचे संग्रहालय झाले. दुसरीत २००६ मध्ये चित्रकथांचे, म्हणजे ज्याला ते ‘मांगा’ म्हणतात त्याचे, मोठे संग्रहालय झाले. ह्या दुसऱ्या ठिकाणीसुद्धा मूळ शाळेच्या आठवणींसाठी एक खोली राखून ठेवली आहे. वर्गणी देणाऱ्या पेठांना ती शाळा आपली वाटत होती, सरकारची नव्हे, हे त्याचे कारण असावे. ज्या गावांनी जागा दिली आणि चिरे वाहिले त्या आपल्या गावांनाही तसे वाटायला हरकत नाही; कागदोपत्री मालकी कोणाची हा प्रश्न वेगळा, आणि तो आधी सोडवून घ्यावा, उद्घाटनानंतर नव्हे.

आता त्या बसचालक गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. शाळा कोठे आहे? मी पुष्कळ विचार केला आणि माझे उत्तर असे झाले, की ती जनरल रजिस्टरात आहे. फळा, बाक, घंटा म्हणून टांगलेला लोखंडी तुकडा, पंचवीस पैशांची पाटी, हे सारे हवेच. परंतु एखादे मूल शाळेत आले, किती वर्षे राहिले आणि का गेले हे फक्त रजिस्टर सांगते. ज्या शाळेत मुले गेली तिच्या मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी काही शनिवार ते रजिस्टर वाचीत बसलो.

पहिली गंमत जन्मतारखांची. अर्धा वाडा १ जूनला जन्मलेला! घरात जन्माची नोंद नसे, शाळा जूनमध्ये उघडे. गुरुजी मुलाच्या उंचीकडे पाहत, सहा वर्षे मागे मोजत आणि तारीख टाकीत. त्याच तारखेवर पुढे ते मूल नोकरीला लागले, त्याच तारखेला निवृत्त झाले. एका वृद्धेने मला सांगितले की आपला जन्म चवथीच्या आदल्या दिवसाचा, आई नेहमी म्हणे. परंतु पेन्शनच्या कागदावर तिचाही जून.

गंमत येथे संपते. पालकाच्या धंद्याच्या रकान्यात भाटकार, व्यापारी हे शब्द पहिल्या काही पानांवर आहेत. पुढे कुळ, मोलकरी, रेंदेर, कुंभार, नाभिक असे शब्द येत जातात. ते कोणत्या वर्षी येऊ लागतात हे पाहिले, की १९६४ चा कूळ कायदा आणि ही शाळा ह्यांनी मिळून काय केले ते पानावर उमटलेले दिसते. मुलींची नावे आरंभी दोन-चार, आणि शाळा सोडण्याचे कारण बहुधा ‘घरकाम’ किंवा ‘धाकटी भावंडे’. काही मुलांच्या बाबतीत पित्याच्या नावाच्या जागी आईचे नाव आहे. देवळाच्या सेवेत पिढ्यान्‌पिढ्या अडकलेल्या घरांतली ही मुले. ज्या गुरुजीने तो रकाना कोरा न ठेवता, कोणतेही खोटे नाव न लिहिता, आईचे नाव शाईने स्वच्छ लिहिले, त्याचे नाव मला शोधूनही सापडले नाही. अक्षर मात्र सुंदर आहे.

आणि इथेच मी अडलो. हे रजिस्टर काचेच्या पेटीत ठेवावे काय? त्यात प्रत्येकाची जात आहे. त्यातील माणसे हयात आहेत. त्यांची नातवंडे त्याच वाड्यावर नांदतात. कोणाची आजी कोणाकडे मोलाने होती, कोणाच्या नावापुढे बापाचे नाव नव्हते, हे रविवारी सहलीला आलेल्या पाहुण्यांनी वाचावे का? दुसऱ्या बाजूने, जातीचा रकाना झाकला तर शाळेने केलेले सर्वांत मोठे काम झाकले जाते. सगळी मुले जणू पहिल्यापासून एकाच गोणपाटावर बसली होती असा गोड देखावा उभा राहतो, आणि तो खोटा आहे. शाळेतल्या पाण्याच्या घागरीला हात कोणी लावायचा हे ठरलेले असल्याचे आठवणारी माणसे मला भेटली आहेत. शिवाय रजिस्टर हा जिवंत दस्तऐवज आहे. जन्माच्या आणि जातीच्या दाखल्यांसाठी लोक आजही त्याच्याकडे येतात. शाळा विलीन झाली तरी ते कार्यालयात सुरक्षित राहिले पाहिजे. मूळ प्रत संग्रहालयात आणण्याचा हट्ट मी म्हणूनच सोडला.

गावाने पुढे जे ठरविले ते असे. नावे वगळून, वर्षवार, केवळ धंदा आणि शाळा सोडण्याचे कारण हे दोन रकाने मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावायचे. कोणत्या साली कोणत्या वाड्यावरचे पहिले मूल आले तेही लिहायचे. ज्याला आपली स्वतःची नोंद नावासह लावायची असेल त्याने आपण होऊन द्यायची; कोणी कोणाची मागायची नाही. मला वाटले होते की कोणी देणार नाही. पहिली नोंद दिली ती त्या आईचे नाव लिहिलेल्या मुलांपैकी एकाने. आज ते सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांनी अधिक काही सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

ह्या ठिकाणी मला माझ्या एका अपराधाची कबुली दिली पाहिजे, कारण माजी विद्यार्थ्यांसमोर ती दिलेली बरी. १९८० नंतरच्या काळात मी एका शाळेचा तरुण मुख्याध्यापक होतो. कार्यालयात दोन कपाटे जुन्या कागदांनी भरलेली होती. निरीक्षण जवळ आले होते, आणि मला शाळा नीटनेटकी दाखवायची होती. मी ती कपाटे रिकामी केली; कागद रद्दीत गेले. त्यांत मुक्तिपूर्व काळात त्याच गावच्या अग्रशाळेत भरणाऱ्या मराठी शाळेची हजेरीपत्रके होती, मोडीत लिहिलेली. भोके पाडलेली एक लाकडी पळीही होती. पोर्तुगीज शाळांत मुलांच्या तळहातावर मारण्यासाठी ती वापरीत. तिला ‘पाल्मातोरिया’ म्हणत. ती शिपायाने चुलीत घातली. निरीक्षकांनी शेऱ्यात कार्यालयाच्या स्वच्छतेची प्रशंसा केली, आणि तो शेरा मी कित्येक वर्षे अभिमानाने जपला. इतिहासात पदवी घेतलेल्या माणसाने हे केले. आज पेडणे-डिचोलीच्या त्या जुन्या अग्रशाळांतून कोण शिकले हे मी कागदाच्या आधारे सांगू शकत नाही, ह्याला काळ आणि वाळवी जितकी कारण आहे तितकाच मी आहे.

थोडे व्यवहाराचे. आपल्याकडे संग्रहालयाचा पहिला शत्रू पाऊस आहे. जून ते सप्टेंबर चिऱ्याची भिंत पाणी पिते आणि नंतर महिनोन्‌महिने ते बाहेर सोडते. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा हवा. आपण हौसेने सिमेंटचा थर आणि वर तैलरंग देतो. पाणी आत कोंडते, रंगाचे पापुद्रे निघतात आणि भिंतीला टेकलेल्या कागदाला बुरशी धरते. कागद भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावा. मूळ कागदाचे छायाचित्र घेऊन तेच मांडावे. मूळ कागद कोरड्या पेटीत, वरच्या फळीवर असावा. वाळवी जमिनीतून येते, म्हणून पेट्यांचे पाय तपासणारे माणूस हवे, आणि ते दर आठवड्याला हवे. उद्घाटनाला मंत्री मिळतो, पण दर आठवड्याचे माणूस मिळत नाही. संग्रहालये मरतात ती येथे.

त्या शाळेच्या दोन खोल्यांपैकी एक खोली आम्ही काहीही न मांडता वर्ग म्हणूनच ठेवणार आहोत: फळा, आठ बाक, खिडकीतून दिसणारी भाताची वायंगण शेते. काही तरुणांना हे पसंत नाही; एवढी जागा वाया का घालवायची, असे ते विचारतात. त्यांचे म्हणणे अजून मिटलेले नाही. दुसऱ्या खोलीत रजिस्टरचे रकाने, गुरुजनांची छायाचित्रे, १९६१ पूर्वीची आणि नंतरची पाठ्यपुस्तके शेजारी शेजारी, आणि गावात शाळा आणण्यासाठी केलेल्या अर्जांच्या नकला. १९७५ मध्ये गोव्याचे स्वतःचे परीक्षा मंडळ होईपर्यंत आपली मुले पुण्याच्या मंडळाची परीक्षा देत. त्या काळची प्रमाणपत्रे कोणाच्या घरी चौकटीत असतील तर तीही हवी आहेत. वीरगळ आणि नांगर सध्या पडवीत राहतील.

येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी मुक्तिपूर्व मराठी शाळांचे कागद, मोडी वह्या, पोर्तुगीज ‘सेगुंद ग्राव’ची पुस्तके अथवा वर्गाची सामूहिक छायाचित्रे असतील त्यांनी ती आम्हांला द्यावीत असे मी म्हणत नाही. एक दिवसापुरती द्यावीत. छायाचित्र घेऊन ती परत केली जातील. छायाचित्रांच्या मागे नावे लिहिली नसतील तर घरातील वृद्धांना विचारून आजच लिहावीत, पेन्सिलीने, शाईने नव्हे, कारण शाई पुढच्या बाजूस उमटते. शाळेची कौले परतण्याचे काम मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात काढले आहे. ज्यांना शिडीवर चढता येते त्यांनी यावे. आमच्यासारख्यांनी खाली उभे राहून कौले हातोहात द्यायची आहेत.